नव्या बेअरिंगवरचा गंज

मी संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या ह्यांची उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. टेपच्या सुरकुतीवरून ते सांगायचे, खोकं वाटेत कुणी उघडलंय की नाही. त्यांच्या सहवासात ती नजर मलाही आली. दूधवाल्यापासून देवळातल्या चपलांपर्यंत मी सगळीकडे डोळ्यात तेल घालून असते.

म्हणून माझ्या सुनेनं, निवेदितानं, घरातच हा धंदा सुरू केला तेव्हा माल उतरवून घ्यायचं काम मी आपणहून घेतलं. धंदा कसला, तर रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारींचे सुटे भाग. पोरांच्या नव्हे, मोठ्या बाप्यांच्या मोटारी. मैदानात पळवतात, आपटतात, मोडतात आणि मग भाग मागवतात. दिल्लीचा व्यापारी हे भाग मोठ्या पिशव्यांतून घाऊक पाठवतो. आमच्या मागच्या खोलीत ते मोजून झिपच्या लहान पाकिटांत भरायचे, नंबराची चिठ्ठी डकवायची, वर कार्ड दुमडून पिना मारायच्या आणि नागपूर, इंदूर, लखनौच्या दुकानांना कुरियरनं पाठवायचे. दातेरी चाकं, स्प्रिंगा, टाचणीएवढ्या क्लिपा आणि सगळ्यांत जास्त खपतात ती चण्याएवढी बेअरिंगं.

माल सकाळी यायचा, तेव्हा निवेदिता शाळेत शिकवत असायची. मग मीच टेप कापायची. दिल्लीवाल्यांचा काय भरवसा, म्हणून प्रत्येक पिशवी उघडून आत हात घालून बघायची. माल ठीक निघाला की फडताळावरची कोयरी काढून हळदकुंकू वाहायची. नवीन वस्तू घरात आली की आमच्याकडे तसंच करतात, शिलाई मशीन असो की सायकल. दुपारी कौशिक यायचा आणि पाकिटं भरायला बसायचा.

कौशिक लक्ष्मी तालाकडे, तळ्याकाठच्या वस्तीत राहतो. त्याचे वडील ह्यांच्याबरोबर रेल्वेत होते, म्हणजे घर आपल्यातलंच, मराठी. पण पोरगा इथल्या हिंदी मुलखात वाढलेला, तिशीचा झाला तरी मराठी नुसतं ऐकतो, बोलतो हिंदीत. हात मात्र बारीक कामाचा. निवेदितानं त्याला मागच्या खोलीची किल्लीच देऊन टाकली होती. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. रविवारी तो गावातल्या किल्ल्याच्या बाजूच्या मैदानात लोकांच्या बिघडलेल्या मोटारी दुरुस्त करायचा. म्हणजे जुने भाग त्याच्या खिशात आणि नवे भाग आमच्या खोलीत.

तेवढ्यात नागपूरच्या दुकानदाराची तक्रार आली. नव्या पाकिटातलं बेअरिंग गंजलेलं निघालं, फिरवलं की खरखरतं. जुना माल नवा म्हणून विकता का, असं त्यानं सरळ विचारलं होतं. दिल्लीपर्यंत बोंब गेली आणि दिल्लीवाल्यानं कळवलं, असं पुन्हा झालं तर माल बंद. निवेदिताचा चेहरा उतरला. या वर्षी शाळा सोडून हेच काम पूर्णवेळ करायचं तिनं ठरवलं होतं, मुख्याध्यापकांना सांगूनही टाकलं होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला न घालता मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. कौशिकनं वाटीत पेट्रोल घेतलं होतं. त्यात तो बेअरिंगं खळखळवत होता, मलमलच्या फडक्यावर वाळवत होता, एकेकावर तेलाचा थेंब सोडून नव्या कोऱ्या पाकिटात भरत होता. पेट्रोल तांबूस गढूळ झालं होतं. मी आत गेले तर त्यानं वाटीवर झटकन वर्तमानपत्र टाकलं.

"काय करतोयस रे?"

"कुछ नहीं काकूजी। बस, थोड़ा साफ़ कर रहा था।"

"नव्या वस्तू साफ कशाला करायच्या?"

त्याचे कान लाल झाले होते. मला आणखी काय पुरावा हवा होता?

संध्याकाळी निवेदिताला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, त्याला एकदा विचारून तरी बघूया." मी म्हटलं, "विचारल्यावर कुठला चोर हो म्हणतो?" आणि तिला मध्ये पडावं लागू नये म्हणून दुसऱ्या दिवशी ती शाळेत असतानाच मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. त्यानं ती खिडकीत ठेवली, चपला घातल्या आणि गेला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. निर्दोष माणूस असा जातो का, असं मी निवेदिताला दोनदा ऐकवलं. ती माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

पुढे कळलं की खंडेराव गेटापाशी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे त्याची कामाची बोलणी चालली आहेत. मी भाजी आणायला गेले तेव्हा त्या दुकानदाराच्या कानावर गोष्ट घालून आले. आपलं कर्तव्य म्हणून. ते काम त्याला मिळालं नाही.

नवा माल आला. मी टेप कापली, पिशव्या तपासल्या, हळदकुंकू वाहिलं, यावेळी जरा सढळ हातानं, कारण घरावरची पीडा टळली होती. पाकिटं आम्ही सासूसुनांनी भरली. संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, निवेदिता भराभर मोजायची आणि मी पिना मारायची. चोर गेला, आता काळजी नाही, असं मी म्हणत होते.

आठवडा झाला नाही तोच तक्रारींची रांग लागली. नागपूर, इंदूर, लखनौ. गंज, गंज, गंज. इंदूरच्या दुकानदारानं तर व्हिडिओच पाठवला. त्यानं आमचं पाकीट फाडलं, बेअरिंग काढून पांढऱ्या रुमालावर घासलं आणि तांबडी रेघ दाखवली. मग दुसरं घासलं. त्याची रेघ पिवळी उमटली.

गंज पिवळा नसतो. निवेदितानं व्हिडिओ थांबवला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, फडताळावरच्या कोयरीकडे पाहिलं. एका वाटीत हळद, एका वाटीत कुंकू. तेलकट लोखंडावर दोन्ही कशी चिकटतात ते सांगायला कुणाची गरज नव्हती. खोक्यावर वाहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पुठ्ठ्याची पूजा कोण करतं? लक्ष्मी आत असते, म्हणून मी पिशव्यांत वाहत होते. आणि पिशव्या उघड्या होत्या, कारण मला दिल्लीवाल्यांचा संशय होता.

मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मी तालाकडे गेले. कौशिक ओट्यावर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हाँ, काकूजी। पहले दिन से।"

"मग सांगितलं का नाहीस?"

"क्या बोलता? मम्मी भी यही करती थीं। पूजा है, मना कैसे करते? धो देता था, हो जाता था। नागपुर वाला एक पैकेट मुझसे छूट गया।"

"आणि मी किल्ली मागितली तेव्हा? तेव्हा तरी बोलायचंस."

तो मिक्सरकडे बघत म्हणाला, "आपने पूछा कहाँ था? आपने तो बस चाबी माँगी थी।"

मी किल्ली त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "चुकलं माझं. परत ये." मोबाईलवाल्याकडे मी काय बोलले होते तेही सांगितलं. ते त्याला आधीच कळलेलं होतं. येताना त्या दुकानावर थांबले आणि चार गिऱ्हाइकांदेखत आपली चूक बोलून आले.

निवेदितानं दिल्लीला खरं काय ते कळवलं. व्यापारी फोनवर बराच वेळ हसला म्हणे आणि आणखी एक खेप देऊन बघतो म्हणाला. त्या खेपेचं एकही पाकीट परत आलं नाही. निवेदितानं शाळा सोडली. हळदकुंकू आता मी बंद खोक्यावर वाहते, आणि टेप कापायला कौशिक येईपर्यंत थांबते.

तो परत आला, पण किल्ली घेतली नाही. "चाबी आप ही रखिए," म्हणाला. दार मी उघडायचं, मी लावायचं. संध्याकाळी काम संपलं की तो माझ्यासमोर उभा राहतो आणि शर्टाचा, पँटचा, एकेक खिसा बाहेर काढून दाखवतो. मी त्याला कधी तसं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, "अरे, हे काय? नको." तर म्हणाला, "रहने दीजिए। आपको भी चैन, मुझे भी।"

मग खिसे आत ढकलतो, "येतो काकू," एवढं मराठीत म्हणतो आणि जातो. मी तोंड फिरवून दाराची कडी लावत असल्यासारखं करते. पण खोटं कशाला बोलू, नजर त्या खिशांवरून फिरतेच.