हन्नाबाईंचं बसणं

चौऱ्याण्णव साली रेश्मा, कुशाबाईची तिसरीतली एकुलती एक लेक, गेली. सहा दिवस झाले तरी ओसरीवर बोलणाऱ्यांची रीघ हटेना. कुणाचं माणूस गेलं की लोकांना भलतंच तोंड फुटतं. कुणी म्हणे नशीब, कुणी म्हणे नजर लागली. शेजारच्या छबूबाई तर थेट मागच्या जन्मीच्या पापात शिरल्या.

बोलत नव्हत्या त्या एकट्या हन्नाबाई. मूळच्या अलिबागकडच्या ज्यू, भवानीनगरात शाळा शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी यायच्या, झाकलेली भाकरी चुलीपाशी ठेवायच्या आणि भुईवर बसायच्या. शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, त्या चूल पेटवत नसत, म्हणून त्या दिवशी शिळी आणली, पण आल्या. ना "वाईट झालं", ना "धीर धर". कुशाबाईला याचाच राग येई. माझी पोर हिच्या हाताखाली अक्षरं गिरवायला शिकली, आणि हिला दोन शब्द सुचू नयेत?

सातव्या दिवशी बाजार होता. ओसरीवर दोघीच.

"बाई, तुमी का बोलत न्हाय?"

हन्नाबाईंनी चष्मा काढला. "आमच्या शास्त्रात एक माणूस आहे. त्याची सगळी मुलं एकाच दिवशी गेली. तिघं मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. दुःख एवढं मोठं, की कुणी शब्द काढला नाही. मग तोंड उघडलं, आणि हे तुझ्याच पापाचं फळ म्हणून समजावत सुटले. देव रागावला तो त्या समजावणाऱ्यांवर."

"आन् तो?"

"तो देवाशी भांडत होता. देव म्हणाला, हाच खरं बोलला."

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज. सहा दिवस लोकांच्या बोलण्याखाली कुशाबाईनं जे दडवलं होतं ते वर आलं.

"त्या सकाळी पोट दुखतंय म्हनली. साळंला जात न्हाय म्हनली. मी म्हनलं, नाटकं करू नगं. दंडाला धरून भाईर काढली."

दुपारी शाळेतूनच पोरीला बारामतीच्या दवाखान्यात नेलं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं.

तुझी चूक नाही, असं हन्नाबाई म्हणाल्या नाहीत. तिच्याजवळ सरकून बसल्या. आता देवापासून लपवायचं काही उरलं नाही, हे कुशाबाईला लख्ख कळलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला स्वतःचा तो दरडावणारा आवाज ऐकू आला नाही, रेश्माचा आला. आई, दुखतंय गं.

"व्हय माझे बाय," ती दाराकडं बघत म्हणाली. "दुखतंय तुला. ऱ्हा आज घरी."