कडेच्या थोरल्या

धाकट्या भावाच्या हाडातला मगज काचेवर पसरला होता आणि ताई भिंगाला डोळा लावून बसली होती. खरं तर ही काच डॉक्टरांनी बघायची, ताईचं काम ती तयार करून देण्याचं. पण "आधी मी बघते" म्हटल्यावर ते नाही म्हणाले नाहीत.

भावाच्या अंगावर उगाचच काळेनिळे डाग उठत होते, प्लेटलेट पार तळाला गेल्या होत्या. त्या तयारच होत नव्हत्या, की तयार होऊन पुढे रक्तात नष्ट होत होत्या? दुसरं असेल तर औषध होतं. पहिल्याचा विचार ताई करत नव्हती.

प्लेटलेट ज्यांच्यातून सुटतात त्या पेशी अवाढव्य. प्रयोगशाळेत त्यांना 'थोरल्या' म्हणत. काचेचा मधला भाग तिने कानाकोपऱ्यासकट धुंडाळला. एकही थोरली दिसेना.

"नाहीत हो."

डॉक्टर आपल्या टेबलावरून उठून आले. "भिंग कुठलं लावलंयस?"

सगळ्यात मोठं, काचेवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं. नव्या पोरींना ती नेहमी बजावायची, आधी छोटं भिंग, आधी कडा. काचेवर थेंब ओढताना मोठ्या पेशी फरफटत कडेला जातात.

"हत्ती शोधायला निघालीस आणि डोळा लावलास सुईच्या नेढ्याला," डॉक्टर म्हणाले.

ताईने भिंग बदललं, काच सरकवली. कडेला थोरल्या बसल्या होत्या, ऐसपैस, चांगल्या भरपूर. डॉक्टरांनीही पाहिलं आणि मान डोलावली.

भाऊ वॉर्डात कुशीवर पडला होता. "काय गं, कारखाना बंद का?"

"चालू आहे. माल वाटेत लुटला जातोय. औषध आहे त्याला."

"बनतो कसा पण हा माल?"

"थोरली पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून लांब धागे आत सोडते. वाहत्या रक्तात त्यांचे तुकडे पडतात, त्याच प्लेटलेट. शेवटी तिच्यापाशी नुसता गाभा उरतो."

"वाटून वाटून संपते म्हणजे. तुझीच बहीण दिसतेय."

"मी कुठे संपले? अजून तुझं डोकं खायचंय."

मगज काढायला कमरेत सुई टोचली होती तिथली पट्टी पुन्हा रक्ताने ओली झाली होती. ताईने ती बदलली, नवा बोळा ठेवला आणि तळहाताने दाबून धरला.

"हात दुखेल तुझा."

"दुखू दे. हलू नकोस."