व्याह्यांना सोबत

हृदयाच्या डॉक्टरांकडे व्याह्यांना सोबत म्हणून जाण्यात टेलरमास्तरांचा निव्वळ फायदा होता: जायला-यायला व्याह्यांची गाडी, वर चहा, शिवाय महिनाभर पुरेल इतका टोमण्यांचा माल.

व्याही म्हणजे घड्याळजी, मास्तरांच्या सुनेचे वडील. त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलेला. मास्तर स्वतः गेल्या वर्षी न्यूमोनियानं आयसीयूत होते. तिथे किडन्यांनी संप पुकारला, डायलिसिस करावं लागलं. पण किडन्या पुन्हा कामावर रुजू झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आला आणि मास्तरांनी दवाखान्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. "आपलं हृदय खणखणीत!" म्हणत ते घड्याळजींच्या आळणी ताटासमोर बसून खारे शेंगदाणे चावायचे.

डॉक्टरबाईंनी घड्याळजींना तपासलं, शाबासकी दिली. मास्तरांना राहवेना.

"बाई, यांची चावी अजून किती पुरेल?"

"तुमची बघू या का? आयसीयूत तुम्हीच होता ना? हे सांगत होते."

"ते किडनीचं. मिटलं ते."

"किडनी सावरली, पण तिला असा फटका बसला की पुढे कित्येक वर्षं हृदयालाही धोका जास्त. बीपी, रक्त, लघवी तपासत राहावं लागतं. हात पुढे करा."

मास्तर दाराकडे सरकले. व्याह्यांदेखत नापास व्हायचं म्हणजे वर्षभराची ऐट मातीत! "दुकान उघडायचंय मला."

"जा की," घड्याळजी म्हणाले. "गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. चालत जा. नाहीतर बसा गुमान!"

दंडाला पट्टा आवळला. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेले मास्तर पुटपुटले, "जरा सैल ठेवा." आकडा पाहून बाईंनी पुन्हा मोजलं. उतरायचं नाव नाही.

"पाठदुखीच्या गोळ्या घेता?"

"रोज एक. मशीनवर वाकून वाकून..."

"आजपासून बंद. किडनीला वैरी त्या. बीपीची गोळी देते, आणि मीठ कमी. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा."

आता टोमणा मारायचा हक्क घड्याळजींचा. पण त्यांचंच तोंड उतरलं होतं. मास्तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गाडीत बसले, तेव्हा कुठे घड्याळजींचा जीव भांड्यात पडला.

"पुढच्या महिन्यात तुम्हाला सोबत मी येतो, व्याहीबुवा," ते म्हणाले. "चहा तुमचा."

एकूण हिशेब असा: मास्तरांचं मीठ गेलं, पण बीपी उतरणीला लागलं. घड्याळजींना जोडीदार फुकटात मिळाला. किंमत मोजली ती मास्तरांच्या बायकोनं. ना न्यूमोनिया, ना अटॅक, बीपी तर एकदम झकास. तरी एका घरात दोन स्वयंपाक कोण करणार म्हणून आळणी जेवतात त्या!