मुंडीचा मानकरी

आमच्याकडे मेंढी कापताना हाड फोडत नाहीत. सांधा शोधायचा, सुरीचं टोक आत घालायचं आणि हलकेच फिरवायचं. तुकडा आपसूक सुटतो. प्रत्येक तुकड्याचा माणूसही ठरलेला असतो. शेरमतकाकांनी आपल्या मेलेल्या भावाच्या तीन मुलांची वाटणी याच पद्धतीनं केली.

मुलांचे आई-वडील मार्चमध्ये नदीत गेले. नदी गोठलेली होती, पण मार्चमध्ये जेवढी गोठते तेवढीच. मार्चच्या बर्फावर गाडी घालू नका, असं वडील दरवर्षी साऱ्या गावाला बजावत. त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाच्या मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला निघाले होते, आणि मांस गार व्हायच्या आत पोचायचं होतं.

आता त्यांचंच चाळिसावं आलं होतं. दोन दिवस आधी तेरा वर्षांची सैकाल चुलीपाशी कणकेचे बोरसोक तळत होती. पडद्यापलीकडे काका आणि गुल्सूनआत्या बोलत होते, आणि दोघांनाही हळू बोलायची सवय नव्हती.

"उर्मतला मी कुरणावर नेतो," काका म्हणाले. "दहा वर्षांचा घोडा झालाय. लांडगा दिसला की ओरडायचं, एवढंच तर काम."

"सैकाल माझ्याकडे, शहरात. माझी जुळी मला आवरत नाहीत."

"आणि चोल्पोन?"

"ती तलासला, माझ्या नणंदेकडे. पाचच वर्षांची आहे, विसरेल सगळं. नणंद तिचं नावसुद्धा बदलणार आहे."

"छान. जेवणानंतर सांगून टाकतो."

"दादा, पोरांना एकदा विचारायचं का?"

"मेंढीला विचारतो का आपण?"

तळणीतले बोरसोक त्या दिवशी जरा जास्तच लाल झाले.

अडचण सरळ होती. पंगतीत मेंढीची शिजवलेली मुंडी सगळ्यांत वडील माणसापुढे ठेवतात. जेवण उरकलं की तो बोलतो, आणि त्याच्या बोलण्यावर कुणी बोलत नाही. या पंगतीत सर्वांत वडील शेरमतकाका होते.

"आपल्यात काकांपेक्षा मोठं कोण आहे?" सैकालनं भावाला विचारलं.

"मेलेले सगळे," उर्मत म्हणाला.

"जिवंतांपैकी विचारतेय, गाढवा."

उर्मतनं विचार केला. "तोक्तोसूनआबा. पण ते जिवंतांत धरायचे का?"

तोक्तोसूनआबा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. तोक्तोसूनचा अर्थ 'थांबू दे'. त्यांच्या आधीची भावंडं जगत नव्हती म्हणून हे नाव ठेवलं, आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्यांच्या बरोबरीचे सगळे गेले, मुलगाही गेला. खिंडीपलीकडच्या गावात ते विधवा सुनेकडे राहत. प्रवास झेपणार नाही, असं सांगून काकांनी त्यांना आमंत्रणच पाठवलं नव्हतं.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी तिघं शेजाऱ्याची गाढवगाडी घेऊन निघाली. शेजाऱ्याला विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी पोचली, तेव्हा सून गाय पिळत होती.

"न्या की," ती म्हणाली. "सावकाश न्या. परत आणायची घाई नाही."

सकाळी आबांना उठवलं. आमच्याबरोबर चला, असं तिघांनी सांगितलं.

"कशाला न्यायचं म्हणता?"

"जेवायला, आबा," सैकाल त्यांच्या कानात ओरडली.

"कुणाचं जेवण?"

"आमच्या आई-बाबांचं."

"माझ्याआधी जायला त्यांना कुणी सांगितलं होतं?" आबा रागावले.

सैकालनं पुढचं सांगितलं. "काका आम्हाला वाटून टाकणारेत."

"किती वाटे?"

"तीन. एक कुरणावर, एक शहरात, एक तलासला."

आबांनी दाढीतून हात फिरवला. "चढवा मला," ते म्हणाले.

खिंडीत गारा सुरू झाल्या. मुलांनी आबांना लोकरीच्या जाड नमद्यात घट्ट गुंडाळलं आणि तोंडावर त्यांचीच टोपी ठेवली. गाढवाला गारा मान्य नव्हत्या. ते थांबलं. उर्मत त्याला मागच्या पायापाशी उभा राहून ढकलायला गेला, तेव्हा गाढवानं त्याच्या नडगीवर लाथ घातली. उर्मत रडायला लागला. त्याच सुमारास सैकालच्या लक्षात आलं की आबा बऱ्याच वेळात खोकले नाहीत.

तिनं आबांच्या उशीतलं एक पीस काढून, टोपी जराशी उचलून, त्यांच्या नाकाखाली धरलं. पीस हललं. पण खिंडीतल्या वाऱ्यात पीस दगडाच्या नाकाखालीसुद्धा हललं असतं. प्रयोगातून काहीच सिद्ध झालं नाही.

"मेले वाटतं," उर्मत हुंदके देत म्हणाला. "आता हाच मुडदा घेऊन जायचं? काका म्हणतील आम्हीच मारलं."

चोल्पोन गाडीवर चढली आणि तिनं सरळ विचारलं, "आबा, तुम्ही मेलात का?"

"अजून नाही," टोपीखालून आवाज आला. "पण ही पोरगी नाकात पिसं घालत राहिली तर सांगता येत नाही."

आणि ते पुन्हा झोपले.

मुलांच्या घरासमोर रिवाजाप्रमाणे पुरुष काठ्यांवर रेलून ओळीनं उभे होते. कुणी नवा पाहुणा आला की ते गळा काढत. दोन पाहुण्यांच्या मधे हवापाण्याच्या गप्पा. मांस शिजत आलं होतं. तेवढ्यात वळणावरून एक गाढवगाडी आली. गाडीत नमद्यात गुंडाळलेला एक देह, तोंड झाकलेलं, बाहेर पांढरी दाढी. शेजारून एक मुलगा लंगडत आणि ढसाढसा रडत चाललेला.

शेरमतकाकांनी दाढी ओळखली. याहून जास्त खात्री करून घेण्याची पद्धत नाही. असं मढं दिसल्यावर जो आधी रडतो त्याचं नाव राहतं.

"हाय रे माझ्या काळजा!" काका धावतच सुटले. सगळी ओळ मागोमाग ओरडत निघाली. "आबा! आमच्या घराचा डोंगर गेला हो! तुमचा शब्द आम्ही जन्मात मोडला नाही! आता आम्हाला आज्ञा कोण करणार?"

"काका, ऐका ना..." सैकाल म्हणाली.

"रडू दे मला, पोरी! आज्ञा कोण करणार, आबा? कोण?"

"मी करतो," नमदा म्हणाला. "आधी मला खाली उतरवा."

रडणं एकदम थांबलं नाही. मागच्या रांगेतल्या लोकांना ऐकू गेलं नव्हतं, ते थोडा वेळ रडत राहिले.

आबांना आत नेऊन सर्वांत वर, दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. मुंडी त्यांच्यापुढे गेली. दुसऱ्या कुणापुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी कान कापून चोल्पोनला दिला, गालाचं मांस सावकाश, दाताविना संपवलं, हात पुसले. घरभर माणसं वाट बघत बसली होती.

"तिघं इथंच राहतील," आबा म्हणाले. "याच घरात."

काकांनी घसा साफ केला. "आबा, तुमचं म्हणणं डोक्यावर. पण त्यांना बघणार कोण?"

"मी."

"आणि तुम्हाला?"

आबांनी हाडानंच सैकालकडे खूण केली. "ही."

"अहो, पण तुम्हाला दिसत नाही, ऐकू येत नाही..."

"तू रडत होतास ते ऐकू आलं. चांगलं रडलास. शब्द जन्मात मोडला नाही म्हणालास ना?"

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्या रश्श्यात पाहत होती. "आता कसलं, दादा," ती पुटपुटली. "साऱ्या गावानं ऐकलंय."

आबांनी दोन्ही तळवे उघडले, सगळ्यांनी उघडले, दुआ झाली आणि विषय संपला.

पाहुणे पांगले. काका तेवढे दर शुक्रवारी प्रकृतीची चौकशी करायला येत राहिले. फाटकातच थांबून ते विचारत, "कसे आहेत?" उर्मत म्हणे, "बरे आहेत, काका." मग काका "अल्लाची कृपा," असं म्हणत, पण चेहरा पडायचाच.

घरात आता नीट काम चाले. हाडांचा रस्सा उर्मत ढवळी, अंगणात फेऱ्या चोल्पोन मारवी, आणि नाडी सैकाल बघे, बोटं मानेवर ठेवून, वाऱ्याचा ज्यात संबंध येत नाही अशा रीतीनं. आबांनी हे सगळं काही आठवडे निमूट सोसलं.

"मला किती दिवस थांबायचंय?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"मी अठरा वर्षांची होईपर्यंत, आबा. पाच वर्षं."

आबा विचारात पडले. घोड्याला नाल मारून होईपर्यंत थांबा असं कुणी सांगितलं, तर माणूस जेवढा विचारात पडेल तेवढेच.

"मग ते दार लाव," ते म्हणाले. "वारं येतंय."