तेलकट बाटल्या

प्रमिलाबाईंना केमिस्ट्री येत नव्हती, पण कुठल्या बाटलीला किती साबण लागतो ते नेमकं ठाऊक होतं. कारखान्यातली खरी खबर बहुधा अशाच माणसाकडे असते, ज्याला कुणी काही विचारत नाही.

पांडेसऱ्यातल्या त्या कारखान्यात बाहेरून आंबट सांडपाणी यायचं. टाकीत ते अमाइन घातलेल्या तेलाबरोबर घुसळत. अमाइन पाण्यातलं आम्ल पकडून तेलात ओढायचं. मग टाकी चाळीस मिनिटं निवांत ठेवायची. तेल वर, पाणी खाली. पाणी सोडून द्यायचं, तेलातलं आम्ल कॉस्टिक सोड्याने काढून घ्यायचं आणि तेच तेल पुन्हा वापरायचं. तेल फारसं घटायचं कारणच नाही. तरी दोन महिन्यांत चार पिंपं कमी भरली. शेठने हिशेब सोपा केला: गोदामाची किल्ली सुकलालकडे, म्हणजे चोर सुकलाल. रोज गेटवर त्याचा जेवणाचा डबा उघडून बघत, जणू पिंपं त्यातूनच गेली होती.

एक नंबरची टाकी सुकलालची, दोन नंबरची प्रमिलाबाईंच्या चेतनची. सोडलेल्या पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या धुवायला बाईंकडे येत. सुकलालच्या नुसत्या पाण्याने निघत. चेतनच्या तीनदा साबण लावला तरी बोटांतून निसटत, आणि हाताला मासळीसारखा वास राही.

शुक्रवारी डिंडोलीच्या घरी त्यांनी पोराला जेवताना धरलं. "टाकी किती वेळ ठेवतोस रे?"

"पंधरा मिनिटं. दिवसाला एक बॅच जास्त निघते. शेठ मला सुपरवायझर करणार आहे."

"तेल जातंय पाण्याबरोबर."

"माय, तुले काय समजस त्यानामा?"

"मन्हा हातले समजस."

चेतन हसला. "मग हाताला सांग, गप बस."

शनिवारी शेठने सुकलालला ऑफिसात बोलावलं. किल्ली ठेव, सोमवारपासून येऊ नको. सुकलाल करदोड्याला बांधलेली किल्ली सोडवू लागला, गाठ सुटेना. तेवढ्यात प्रमिलाबाई ट्रे घेऊन आत आल्या. आठवड्याच्या बाटल्या त्यांनी धुतल्याच नव्हत्या. दोन नंबरच्या प्रत्येक बाटलीत वर बोटभर पिवळा थर आला होता.

शेठने एक उचलून वास घेतला. "ही कोणाची?" माहीत असून विचारलं.

"माझ्या पोराची."

जास्तीच्या बॅचला शाबासकी शेठनेच दिली होती, हे बाई बोलल्या नाहीत. नोकरी त्यांनाही हवी होती.

"किल्ली राहू दे," शेठ म्हणाला. "चेतनला पाठवा."

संध्याकाळी चेतनची बाईक आईसाठी न थांबता गेटबाहेर गेली. सुकलालने सवयीने डबा उघडून धरला होता. वॉचमनने बघितलंही नाही.

"वहिनी," सुकलाल म्हणाला, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "साबणाची तिसरी वडी चालू आहे," त्या म्हणाल्या. "पहिलीपासून."

सुकलालने डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं, आणि एकटाच पुढे चालू लागला.