चावरी इस्त्री आणि लाकडाची फळी

मी एक जुनी, जडशीळ इस्त्री आहे. माझी मूठ काळवंडली आहे आणि तळाला दोन ओरखडे आहेत. तरीही या शिलाई कारखान्यातल्या माणसांनी मला भंगारात टाकलं नाही, हे त्यांचे थोर उपकार. मित्रांनो, माझ्या हातून एका भल्या माणसाचा जीव जाता जाता वाचला. त्याचीच ही हकिगत.

मी नवी आले तेव्हा माझ्या प्लगला तीन पिना होत्या. इथल्या भिंतीवरच्या बोर्डाला मात्र दोनच भोकं होती. कपड्यांना इस्त्री करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मामांनी क्षणभर डोकं खाजवलं, करवत आणली आणि माझी तिसरी, जाड पिन कापून टाकली. "तीन तिघाडा, काम बिघाडा!" असं म्हणून ते स्वतःच हसले. अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी ती पिन हा माझा लगाम होता, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

पण मामांचा हात काय सुरेख! त्यांच्या हाताखाली शाळेच्या गणवेशांच्या घड्या अशा बसत की मालकीणबाई गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलावून दाखवत. त्या कौतुकात माझाही वाटा असे. मी मनातून फुलून जाई.

पुढे रोज वाकून वाकून मुठीपाशी माझी वायर झिजली. तिच्यातली उघडी तार आत माझ्या अंगाला टेकू लागली. मामांच्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. मला तोंड नाही. त्या झिणझिण्या हीच माझी हाक होती. मामांनी ती ऐकली, पण उपाय भलताच केला. पांढरं कापड मळू नये म्हणून इथे चपला दाराबाहेर काढायची पद्धत होती. तेव्हा अनवाणी पायांखाली घ्यायला त्यांनी एक लाकडाची फळी आणली आणि तिच्यावर उभं राहून काम सुरू केलं. नव्या माणसाला ते कौतुकानं सांगत, "आमची इस्त्री जरा चावरी आहे. फळीवर उभा राहा, काही करत नाही." जणू मी घरचं लाडावलेलं मांजरच!

मग मामांची सून मशिनीवर शिवायला येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मामंजी, ही फळी कशाला?"

"अगं, इस्त्री चावते."

"चावते तर तिचे दात काढायला नकोत का?"

सगळा कारखाना खो खो हसला. मामाही हसले. दात मात्र कुणी काढले नाहीत.

एके दिवशी सकाळी लादी नुकतीच पुसली होती. कपाट डुगडुगत होतं म्हणून कुणीतरी ती फळी त्याच्या पायाखाली सरकवली. माल दुपारी द्यायचा होता. मामा घाईघाईनं आले, त्यांनी बटण दाबलं आणि ओल्या लादीवर अनवाणी उभे राहून माझ्याकडे हात केला. मित्रांनो, मी तापत होते आणि भीतीनं गारही पडले होते. मला मागे सरकता येत नव्हतं.

"मामंजी, हात मागे घ्या!" सून ओरडली. तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. सगळी मशिनं गप्प झाली.

मामा चिडले. "माझे केस इथे पांढरे झाले. तू मला शिकवतेस?"

"खाली बघा. फळी आहे का?" तिनं ओल्या लादीकडे बोट दाखवलं. "घरी सासूबाई जेवायला थांबतात. त्यांना काय सांगू, आज फळी नव्हती म्हणून?"

मामांनी पायाखाली पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला. मालकीणबाईंनी सगळं ऐकलं. "माल उद्या जाईल," त्या म्हणाल्या, "आधी वायरमनला बोलवा."

वायरमननं मला उघडलं. "मामा, ही बिचारी कधीची बोंबलतेय," तो म्हणाला. त्यानं मला नवी वायर आणि तीन पिनांचा प्लग दिला, तीन भोकांचा बोर्ड बसवला आणि अर्थिंग तपासलं. शिवाय वीज कुठे गळू लागली की आपोआप पडणारा एक स्विचही लावला. तिसरी पिन बसली तेव्हा मामा हळूच पुटपुटले, "बिघाडा मीच केला होता."

त्यानंतर मामा असे बदलले की विचारू नका. काम सुरू करण्याआधी ते वायर हातभर चाचपत, हात कोरडे करत आणि मधून मधून प्लग तापलाय का पाहत. कुणी वायर ओढून प्लग काढला की त्याची धडगत नसे. पुढे म्हातारपणी माझ्या आत पुन्हा बिघाड झाला. या वेळी मामांचा हात पोचण्याआधीच तो स्विच खटकन पडला. त्या आवाजाइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

आता माझ्या जागी नवी इस्त्री आहे. मामांनी ती जुनी फळी भिंतीला ठोकली आणि मला तिच्यावर बसवलं. माझ्यापासून स्वतःला जपायला ज्या फळीवर ते उभे राहत, तीच आज मला सांभाळते.

मित्रांनो, एखादी वस्तू झिणझिण्या देऊ लागली, जळकट वास सोडू लागली, तर फळी शोधत बसू नका. तिला हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आमची हाक एवढीच असते.

संध्याकाळ झाली की मामा माझ्यावरची धूळ पुसतात आणि सुनेला हाक मारतात, "चल गं, घरी सासूबाई जेवायला थांबल्यात." ही हाक मला रोज ऐकायला मिळते. त्या पोरीचे उपकार मी कसे फेडू?