गाठीवाले बाबा आणि ठवकरांचं पोट

पंडरीच्या कापडबाजारामागच्या अंगणात सकाळी नऊलाच शंभरेक माणसं पोट धरून बसली होती. समोर पाटावर गाठीवाले बाबा. त्यांनी लाल दोऱ्याला सात गाठी मारल्या, दोरा शालिग्राम ठवकरांच्या अडलेल्या पोटावर टेकवला आणि डरकाळी फोडली, "किसीने तेरी अंतड़ी बाँध दी है, बच्चा! खुल जा!" दोन्ही टोकं ओढताच सातही गाठी सुटल्या. जयजयकार झाला. मग भभूतीची, म्हणजे मंतरलेल्या राखेची पुडी. "एक चम्मच, गरम पानी से. सुबह चमत्कार!"

सकाळी चमत्कार झाला. ठवकर चौबे कॉलनीत माझे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, म्हणजे बाबांचे 'बच्चा'. त्यांनी मला तो चमत्कार नको तितक्या तपशिलाने ऐकवला.

दोन महिन्यांत एका चमच्याचे तीन झाले. एका दुपारी जुलाबांनी गळून ते संडासाच्या दारातच कोसळले. सलाइन लावावं लागलं. तरी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या, "करणी जबर आहे जी. बाबाले पुन्हा दाखवा लागते."

त्यांची सून सोनिया फार्मसी कॉलेजात शिकवते. तिने उरलेली पुडी प्रयोगशाळेत तपासली.

"बाबूजी, राखेत सोनामुखीचा पाला कुटून घातला आहे. जुलाबाचं औषध आहे हे."

"अन् गाठी? माह्या डोळ्यांसमोर सुटल्या!"

सोनियाने सलवारीची नाडी आणली, सात सुरगाठी मारल्या आणि "बे एकं बे, बे दुणे चार" म्हणत टोकं ओढली. सगळ्या सुटल्या. पन्नास वर्षं परकराची नाडी बांधणाऱ्या सुशीलाबाई बघतच राहिल्या. "अगं माय! हे तं मलेही येते!"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच सुनेबरोबर बाबांच्या अंगणात गेल्या.

"बाबाजी, आज सिर्फ गाँठ खोलिए," सोनिया म्हणाली, "भभूत मत दीजिए."

"बिना भभूत के मंत्र अधूरा है, बेटी."

सुशीलाबाईंनी भरगर्दीत नाडी काढून सात गाठी सोडून दाखवल्या. आधी बायका हसल्या, मग सगळेच. बाबांची समाधी लागली ती गर्दी पांगेपर्यंत.

पण ठवकरांचं पोट अजून अडूनच होतं. सोनिया त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी कळ येते तेव्हा काय करता?"

ठवकरांनी मान खाली घातली. "संडास एकच आहे जी. नातवाची शाळा, पोराचं ऑफिस. मी म्हणतो, होऊ दे त्यायचं. मग कळच जाते."

"मले काहून नाही सांगितलं, बाबूजी?" सोनियाने विचारलं.

"सुनेले हे कसं सांगू, पोरी?"

दुसऱ्या दिवसापासून चहानंतरची पहिली पाळी बाबूजींची. पायाखाली बुटका स्टूल, जेवणात भाजी-फळं, भरपूर पाणी, संध्याकाळी फेरफटका. महिन्याभरात पोट वळणावर आलं.

कळ दाबून ठेवली की मल आतड्यात पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषतं आणि तो कडक होतो. करणी म्हणायची तर एवढीच. रक्त पडलं, वजन उतरलं किंवा पोटाची सवय एकाएकी बदलली, तर बाबा नको, डॉक्टर गाठा. आणि घरातलं म्हातारं माणूस संडासाच्या दाराकडे बघत गप्प बसलं असेल, तर त्याला आधी जाऊ द्या.